सगळे क्रोमच वापरतात, मॅम!
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, “तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं.” म्हणून ज्या वस्तूला तुम्ही सगळे रोज हात लावता तिच्याबद्दल बोलते : ब्राउझर. मोबाइलमधलं ते लाल-पिवळं-हिरवं चक्र. आपल्यापैकी बरेच जण त्यालाच ‘इंटरनेट’ म्हणतात. आता जवळजवळ तसंच झालंय, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आपण शाळेत होतो तेव्हा, १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर आणला. आपल्याला कशाचाच पत्ता नव्हता. शेवटची एसटी चुकू नये, एवढीच काळजी. त्या वेळी राज्य नेटस्केपचं होतं. मायक्रोसॉफ्टनं आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट दिला आणि सहा-सात वर्षांत दहातली नऊ माणसं तोच वापरू लागली. स्पर्धा संपली तशी कामाची घाईही संपली. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली, सातवी थेट २००६ साली.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मराठी पेपर उघडायचा, तर प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा. ‘हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे’ अशी खाली पाटी. दुसऱ्या ब्राउझरात उघडलंत, की इंग्रजी अक्षरांचा चिवडा! आपली भाषा वाचायला कुठल्या कंपनीचा ब्राउझर हवा, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं.

ही कोंडी फोडण्यात पोरांचा मोठा वाटा होता. नेटस्केपनं हरता हरता १९९८ साली आपला सगळा कोड जगाला खुला केला. ब्लेक रॉस नावाचा मुलगा शाळकरी वयातच तिथं उमेदवारी करत होता. त्यानं आणि डेव्ह हायट यांनी त्या बोजड कोडातून एक सुटसुटीत ब्राउझर काढायला घेतला. तो म्हणजे फायरफॉक्स. पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४मध्ये आली, तेव्हा रॉस १९ वर्षांचा होता. पुढं २००८ साली गुगलचा क्रोम आला. तो खरोखर चपळ होता. ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. लोकांनी तो आपखुशीनं घेतला.

आता आजचं सांगते. हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात. तिथं माझ्या टीममध्ये चोवीस-पंचवीसची मुलं आहेत. हुशार, मेहनती, लातूर, सांगली, जळगावहून आलेली. मध्यंतरी आम्ही एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं पान केलं. क्रोममध्ये झकास चाललं. काही आयफोनवर मात्र तारीख निवडली, की नुसतं ‘अवैध तारीख’. कारण क्षुल्लक होतं. कोडमध्ये तारीख आणि वेळ यांच्या मध्ये मोकळी जागा सोडली होती. क्रोम ते चालवून घेतो. सफारीच्या जुन्या आवृत्त्या घेत नाहीत. मी विचारलं, “दुसऱ्या ब्राउझरात बघितलं नव्हतं का?” पोरगा निरागसपणे म्हणाला, “सगळे क्रोमच वापरतात, मॅम.”

त्याला मी रागावले नाही. त्याच्या लॅपटॉपवर दुसरा ब्राउझर कुणी टाकूनच दिला नव्हता. पण तिकडं एखादी आजी दुखरा गुडघा घेऊन फोनशी झटापट करत बसली असेल, आणि तिला वाटत असेल की आपल्यालाच जमत नाही.

तुम्ही म्हणाल, ब्राउझर तर ढीगभर आहेत. आहेत ना! एज, ऑपेरा, ब्रेव्ह. पण या सगळ्यांच्या पोटातलं इंजिन एकच : क्रोमियम, मुख्यत्वे गुगलचं. केंद्र सरकारनं २०२३ साली स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५मध्ये झोहोला १ कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. मला आनंदच झाला. पण झोहोचा ‘उला’सुद्धा क्रोमियमवरच उभा आहे. मुळशीकरांना हे कळायला वेळ लागणार नाही. तोटी तुमच्या पसंतीची असेल. पाणी कधी आणि किती सोडायचं, ते धरणावर ठरतं.

याचं ताजं उदाहरण. जाहिराती अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे फुकट साधन क्रोमच्या नव्या नियमांमुळे क्रोममध्ये चालेनासं झालं. सुरक्षेसाठी नियम बदलले, असं गुगल सांगतं. गुगलची बहुतेक कमाई जाहिरातींची आहे, हे मी सांगते. क्रोमियमवरच्या इतर ब्राउझरांनी एक तर मागोमाग जायचं, नाही तर जुनी सोय स्वतःच्या खर्चानं सांभाळायची. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, म्हणून तिथं ते अजून चालतं. गंमत म्हणजे फायरफॉक्स चालवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्नही गुगलकडूनच येतं!

नवं इंजिन लिहिणं महाकठीण आहे, हे मला ठाऊक आहे. आपल्या मुलांनी उद्या ते लिहावं असं मी म्हणत नाही. पण फायरफॉक्सचं मराठी रूप स्वयंसेवकांनी घडवलंय, आणि नव्या आवृत्तीबरोबर नवी वाक्यं मराठीत आणावी लागतात. त्यासाठी कोड यावा लागत नाही, मराठी चांगलं यावं लागतं. त्या बाबतीत बाईंनी आपल्याला काय रगडून घेतलंय, ते इथल्या प्रत्येकाला आठवत असेल.

तेव्हा मुख्याध्यापकांपुढं एक प्रस्ताव ठेवते. संगणक कक्षातल्या प्रत्येक यंत्रावर क्रोमच्या शेजारी मराठी फायरफॉक्स टाकूया. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी येईन. आठवी-नववीतली ज्यांची इच्छा असेल ती मुलं-मुली बसतील. एकच पान दोन ब्राउझरांत उघडून फरक शोधायचा, आणि दहा-बारा वाक्यं मराठीत आणायची. संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे असते, तेवढं मात्र मला आज जेवणाआधी सांगा.