विमानातली जागा आणि गटाचा हिशोब

आम्ही मुंबईतल्या नाहूरच्या बचत गटाच्या बायका. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं आमचं स्टेशन. लोकलच्या लेडीज डब्यात जागा मिळवणं ही आमच्याकडे कलाच आहे. आत शिरल्याबरोबर बसलेलीला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती 'विक्रोळी' म्हणाली की तिची जागा विक्रोळीपासून आपली. तोवर तिघींच्या बाकड्यावर चौथी म्हणून अर्धं अंग टेकवायचं. याला पैसे पडत नाहीत. शब्द दिला, की जागा मिळाली. एस.टी.त पूर्वी खिडकीतून रुमाल टाकायचो, तसंच हे.

पण विमानात जागा विकत मिळते. तिकीट वेगळं आणि जागेचे पैसे वेगळे. गावोगावच्या गटांना आता प्रदर्शनासाठी दिल्लीला, हैदराबादला जावं लागतं. नांदेड, कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्ग इथे विमानतळ झाले. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. म्हणून आज या जागेच्या पैशाबद्दल बोलू.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठजणी मसाले आणि पापड घेऊन दिल्लीला निघालो. एकीची आठ वर्षांची मुलगीही बरोबर होती. तिचं तिकीट तिच्या आईनेच काढलं. आगगाडीने जाऊन-येऊन घराबाहेर जास्त दिवस राहणं शक्य नव्हतं, कारण दोघींच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली. म्हणून विमान ठरलं. मोबाईलवर तिकीट काढायला बसलो. नावं भरली, वयं भरली आणि समोर विमानाचा नकाशा आला. लाल, निळ्या, जांभळ्या खुर्च्या. प्रत्येकीवर किंमत. कुठे दीडशे, कुठे साडेतीनशे, कुठे हजाराच्या वर. आणि प्रत्येकीसाठी एकेक खुर्ची आधीच निवडून ठेवलेली!

आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "थांबा. आधी बेरीज करू." सरासरी साडेतीनशे धरले तर आठजणींचे जाऊन-येऊन छप्पनशे होत होते. आमचा गट बारा जणींचा. दर महिन्याला दोनशे रुपये प्रमाणे चोवीसशे जमतात. म्हणजे दोन महिन्यांहून जास्तीची बचत नुसती खुर्ची निवडण्यात जाणार होती. मग पान खाली खाली सरकवलं. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं, की जागा न निवडता पुढे जाता येतं.

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. जागा निवडली नाही म्हणून कुणाला उभ्याने जावं लागत नाही. विमानात चौथी सीट नसते! तिकीट काढलं की खुर्ची मिळणारच. पैसे असतात ते फक्त आपल्या पसंतीचे. सरकारचा नियम असा, की अशी जादा सेवा प्रवाशाने स्वतः मागितली तरच द्यायची, परस्पर गळ्यात मारायची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा युक्त्या सांगितल्या आहेत. न मागता टोपलीत वस्तू टाकणं ही त्यातलीच एक. बाजारात भाजीवाल्याने न विचारता पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकून पैसे लावले तर आपण गप्प बसतो का? मग इथेही बसायचं नाही.

हे सगळं आलं कुठून? आपल्या देशात २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. सामान्य माणसाने विमानात बसावं, म्हणून तिकीट स्वस्त ठेवायचं आणि जेवण हवं त्याने विकत घ्यायचं, अशी ती कल्पना. पुढे स्पाइसजेट, इंडिगो आल्या आणि तीच रीत रुळली. तिकीट खाली ठेवायचं आणि बाकी एकेक गोष्ट सुटी विकायची. यात वाईट काही नाही. ज्याला नको त्याने भरू नये, हा न्यायच आहे. फक्त आपल्याला काय नको, ते आपल्याला कळलं पाहिजे.

आता खुर्च्यांची ओळख. नेहमीच्या मोठ्या विमानात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन खुर्च्या असतात. ए आणि एफ या खिडकीच्या, सी आणि डी या वाटेकडच्या, बी आणि ई मधल्या. छोट्या पंख्याच्या विमानात दोन-दोन असतात. तिथे मधली खुर्चीच नाही, म्हणून पैसे भरायचं कारण आणखी कमी. पुढच्या रांगा महाग, कारण तिथून लवकर उतरता येतं. संकटकाळच्या दाराजवळ पाय पसरायला जागा जास्त, म्हणून तीही महाग. पण ती गरोदर बाईला, लहान मुलांना किंवा गुडघे धरलेल्या आजीला देत नाहीत, कारण वेळ आली तर तिथल्या प्रवाशाला दार उघडायला मदत करावी लागते. काही रांगांत खिडकीची खुर्ची असूनही खिडकीच्या जागी नुसती भिंत येते. शेवटची रांग शौचालयाला लागून असते. तेव्हा पैसे देणारच असाल तर आधी विचारून घ्या.

आमच्या बैठकीत खरा वाद झाला तो पुढे. एका काकूंचा गुडघा दुमडत नाही. त्यांना वाटेकडची खुर्ची हवीच होती. मुलीच्या आईला भीती, की पोर भलतीकडे बसली तर? आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "मला खिडकी पाहिजे. जन्मात एकदाच बसणार आहे." कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, गटाचा पैसा हौसेला नाही. ताई गप्प झाल्या. ते काही बरं वाटलं नाही.

तासभर बोलून ठरलं आणि इतिवृत्तात लिहिलं. दुखण्यासाठी लागणारी जागा गटाच्या खर्चातून. काकूंचे जाऊन-येऊन सहाशे रुपये गटाने भरले. मुलीसाठी काहीच भरलं नाही. कारण एप्रिल २०२४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना बजावलं आहे, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच तिकिटात असलेल्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारीच जागा द्यायची. म्हणून मुलाचं तिकीट वेगळं काढू नका, एकाच क्रमांकात काढा. नऊ जणांपर्यंत एका तिकिटात बसतात. त्याहून जास्त असाल तर गटाच्या आरक्षणाची चौकशी करा.

आणि हौस स्वतःच्या पैशाने, पण कुणी त्यावर बोलायचं नाही. ताईंनी पापडाच्या कमाईतले साडेतीनशे काढून परतीची खिडकी घेतली. मुंबई जवळ आल्यावर त्यांना खाडी दिसली, मिठागरं दिसली, आगपेटीएवढ्या इमारती दिसल्या. घरी त्या तीन दिवस तेच सांगत होत्या. हौसेलाही हिशोबात एक रकाना असावा, पण तो ज्याचा त्याने भरावा.

बाकीच्या सहाजणींनी पैसे न भरता काय केलं? बहुतेक कंपन्या विमान सुटण्याच्या साधारण ४८ तास आधी मोबाईलवर चेक-इन उघडतात. तिथेही पुन्हा खुर्च्यांच्या किमती दिसतात. त्या वेळी फुकटची खुर्ची असेल तर ती घ्यावी. नसेल तर कंपनी आपोआप जागा देते. आम्ही विखुरलो, दोघी मधल्या खुर्चीत अडकलो. दोन तासांचाच प्रवास, काही बिघडलं नाही. मोबाईल जमत नसेल तर विमानतळावरच्या खिडकीवर जा. तिथे बोर्डिंग पासचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असं सरकारने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आहे. मात्र सुटण्याआधी दोन तास तरी पोचा, कारण ती खिडकी बहुधा एक तास आधी बंद होते. कुणाला व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच कळवा.

जाता जाता एवढं करा. पैसे भरायच्या आधी शेवटचं पान एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने वहीत उतरवायचं. तिकीट किती, जागा किती, विमा किती, जेवण किती. न मागितलेलं काही दिसलं तर तिथेच काढून टाका. पैसे कापून गेले असतील तर पडद्याचा फोटो ठेवा, कंपनीला लेखी कळवा, आणि दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करा.

आमचे छप्पनशेमधले पाच हजार गटातच राहिले. त्याची लाल मिरची आली आणि पुढच्या महिन्याचा मसाला झाला. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गरज कुठली आणि हौस कुठली, हे प्रवासाच्या आधी, सगळ्यांसमोर ठरलेलं बरं. म्हणजे पैसाही वाचतो आणि कुणाचं मनही मोडत नाही.