परिचारिका : शिक्षण, श्रम आणि सन्मान
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आरोग्यावरील व्याख्यानासाठी एखाद्या नामवंत डॉक्टरांना पाचारण करावयाचे सोडून विश्वस्तांनी माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला उभे केले, याचे आपल्याला आश्चर्य वाटत असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. चाळीस वर्षे गादीवर बसून कापड मोजले. वैद्यकशास्त्रातले मला काही कळत नाही. तरीही परिचारिका हा विषय मी स्वतः मागून घेतला. त्यामागे दोन प्रसंग आहेत आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पहिला प्रसंग जुना आहे. दुकान वडिलांकडून माझ्या हाती आले, त्या सुमारास एका नर्सिंग स्कूलच्या गणवेशाची ऑर्डर आम्हाला मिळाली. पहिल्या वर्षी मी चांगल्या मिलचे पांढरे टेरिकॉट दिले. दुसऱ्या वर्षी संस्थेच्या व्यवस्थापकांनी भाव पाडून मागितला. त्या भावात ते कापड बसत नाही, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “बसेल ते द्या शेठ, मुलींनाच तर घालायचे आहे.” मी हलके कापड दिले. चार धुण्यांत ते पिवळट पडले आणि विरळ होऊन आरपार दिसू लागले. एके दिवशी त्या शाळेतील एक मुलगी दुकानात आली आणि स्वतःच्या पैशाने अस्तराचे कापड मागू लागली. मी ते मोजून दिले आणि पैसेही मोजून घेतले. वहीत हिशेब बरोबर जुळला. आज मात्र तो जुळत नाही.

दुसरा प्रसंग २०१७ सालचा. सौभाग्यवतींच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात झाली. दुसऱ्या रात्री त्या मजल्यावरील बावीस रुग्णांसाठी एकच सिस्टर होती. वय फार तर चोवीस. पहाटे तीनच्या सुमारास ती फेरीला आली, घड्याळ हातात धरून नाडी मोजली, रक्तदाब पाहिला, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि क्षणभर थांबली. मला तर रुग्ण शांत झोपला आहे असेच वाटत होते. तिने ड्यूटीवरील डॉक्टरांना फोन केला. सकाळी पाहू, असे उत्तर आले. वीस मिनिटांनी तिने पुन्हा नाडी मोजली आणि पुन्हा फोन केला. या वेळी तिचा आवाज चढलेला होता. उजाडण्यापूर्वी सौभाग्यवतींना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले. पोटात रक्तस्राव सुरू होता. उशीर झाला असता तर काय झाले असते, हे सर्जननी मला नंतर बाजूला घेऊन सांगितले.

घरी परतण्यापूर्वी मी तिची चौकशी केली. बारावीनंतर जी. एन. एम. अभ्यासक्रम, त्यासाठी वडिलांनी जमिनीवर काढलेले कर्ज, आणि हातात पडणारा पगार महिन्याला नऊ हजार रुपये. माझ्या दुकानातील काउंटरवरच्या मुलालाही याहून अधिक मिळत होते. मी विचारले, दुसरीकडे का जात नाहीस? ती म्हणाली, “काका, सर्टिफिकेटं इथेच जमा आहेत. दोन वर्षांचा बॉण्ड आहे.” परिचारिकांकडून असे बॉण्ड लिहून घेण्याची पद्धत भारतीय परिचर्या परिषदेने २०११ सालीच अमान्य ठरवली होती, हे मला पुढे वाचनात समजले. तिला ते ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असूनही उपयोग नव्हता.

बंधू-भगिनींनो, त्या रात्री एका जिवाचा निर्णय दोन गोष्टींवर टांगलेला होता. नाडी वाढणे आणि रक्तदाब उतरणे यांचा एकत्रित अर्थ काय, हे तिला कोणीतरी नीट शिकवले होते. ही पहिली गोष्ट. आणि बावीस खाटांच्या फेरीत आमच्या खाटेपर्यंत ती वेळेत पोहोचली, ही दुसरी. पहिली शिक्षणाची, दुसरी केवळ नशिबाची. नशिबाची बाजू कमी करून शिक्षणाची व व्यवस्थेची बाजू वाढवणे, एवढेच माझ्या आजच्या बोलण्याचे प्रयोजन आहे.

हा माझा भावनिक ग्रह नव्हे. व्यापारी माणूस आकडा मागतो, म्हणून आकडा सांगतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १६८ रुग्णालयांचा अभ्यास झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. डॉ. लिंडा एकेन या त्या अभ्यासाच्या प्रमुख. त्या स्वतः परिचारिका म्हणून शिकलेल्या. पुढे २०१४ साली युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांतून त्यांनी हीच तपासणी केली. पुन्हा तेच दिसले आणि आणखी एक गोष्ट दिसली : पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल, तेथे मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी कमी. कामाचा बोजा आणि शिक्षण, दोन्ही रुग्णाच्या खात्यावरच जमा-नावे होतात.

आपल्याकडे निकष नाहीत असे नाही. परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक, शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. बावीस कोठे आणि पाच कोठे!

या व्यवसायाचा पाया आपल्याकडे फार कष्टाने घातला गेला. पुण्यात प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनमार्फत तरुण स्त्रियांना, त्यांत विधवाही होत्या, शुश्रूषेच्या शिक्षणाकडे वळवले आणि त्यापायी समाजाचा उपहास सोसला. आपल्या जिल्ह्यात मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभे केले. त्याच्या आश्रयाने परिचारिकाही घडल्या आणि मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले. नाव मात्र डॉक्टरांचेच झाले, हे ओघानेच आले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशात सुमारे त्रेचाळीस हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ साली परिचर्या परिषदेचा कायदा झाला.

तेथून आपण खूप पुढे आलो. आज हजार लोकसंख्येमागे सुमारे दोन परिचारिका आहेत. तीन हव्यात असे मानले जाते. केंद्र सरकारने २०२३ साली वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, आणि जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदाही त्याच वर्षी संमत झाला. हे स्वागतार्ह आहे. परंतु इमारतीने शिक्षण होत नाही, हे संस्था चालवणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशाने चौकशी झाली, तेव्हा साठांहून अधिक नर्सिंग महाविद्यालये अपात्र ठरून २०२४ साली बंद करावी लागली. तेथील मुलींनी शुल्क तर भरले होते! ज्या महाविद्यालयाला रुग्णालय नाही, तेथील मुलगी पुस्तकातून नाडी मोजायला शिकते. ज्यांना रुग्णालय आहे, तेथेही कित्येकदा विद्यार्थिनींना बिनपगारी कामगार म्हणून वॉर्डात जुंपले जाते. शेजारी उभे राहून शिकवणारी शिक्षिका नसते. नवी महाविद्यालये काढताना पहिला प्रश्न शिक्षिकांचा विचारला पाहिजे. चांगली शिक्षिका वॉर्डातूनच तयार होते. आणि वॉर्डातली अनुभवी परिचारिका पाच वर्षांत परदेशी निघून जाते. तिला मी दोष देणार नाही. आपल्याही मुली परदेशी गेल्या आहेत आणि आपण पेढे वाटले आहेत.

आता वेतन. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीची दखल घेऊन केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने पन्नास खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही दरमहा वीस हजारांहून कमी वेतन नसावे आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते सरकारी परिचारिकेइतके असावे, अशी शिफारस केली. केरळमध्ये परिचारिकांनी संघटित होऊन लढा दिला आणि २०१८ साली तेथे वीस हजारांचे किमान मूळ वेतन अधिसूचित झाले. इतरत्र शिफारस कागदावर राहिली. आपल्या राज्यातील सरकारी परिचारिकांनाही कंत्राटी भरतीच्या विरोधात मे २०२२ आणि जुलै २०२५ मध्ये संप करावा लागला. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजवल्या. त्याच २०२० च्या मे महिन्यात कोलकात्यातील खासगी रुग्णालये सोडून तीनशेहून अधिक परिचारिका मणिपूर आणि इतर राज्यांतील आपापल्या घरी निघून गेल्या. थाळीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला असेलच.

सुरक्षिततेविषयी बोलणे जड जाते, पण टाळू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलण्यासाठी गेल्या असता २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला. त्या १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात शय्येवर होत्या. आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची जी शुश्रूषा केली, तिचा गौरव सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात केला आहे. त्या शुश्रूषेपुढे आपण नतमस्तक होतोच. पण कपडे बदलण्यासाठी आतून कडी लागणारी एक खोली, हा खर्च किती? आजही अनेक लहान दवाखान्यांत ती खोली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या परंपरेत वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप मानले आहे. तपाला मोबदला नसतो. म्हणून शुश्रूषेची नोकरी करणाऱ्या मुलीनेही मोबदला मागू नये, असा सोयीस्कर अर्थ मात्र आपण लावू नये. तप ज्याचे त्याने स्वेच्छेने करावयाचे असते. दुसऱ्याच्या मुलीकडून नऊ हजारांत करवून घ्यावयाचे नसते.

येथे मी स्वतःलाही सोडत नाही. माझ्या मेहुण्यांच्या मुलीची नर्सिंगला जाण्याची फार इच्छा होती. स्थळे कशी येतील, असे म्हणून तिची समजूत घालण्यात मीच पुढे होतो. ती बी. कॉम. झाली. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंतांची यादी छापली जाते. त्यात डॉक्टर आहेत, सी. ए. आहेत, अभियंते आहेत. गेल्या काही वर्षांच्या याद्या मी मुद्दाम चाळल्या. परिचारिका एकही नाही.

मातोश्रींच्या स्मरणार्थ मी एका धर्मादाय रुग्णालयाला डायलिसिसचे यंत्र दिले. त्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे. वर्षभराने गेलो तेव्हा दुपारनंतर ते प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली झाकलेले होते. बाहेर रुग्णांची रांग होती. प्रशिक्षित सिस्टर एकच, तिची पाळी दोनला संपत असे. दुसरी नेमायला पैसा नव्हता. यंत्राला देणगीदार मिळतो, कारण यंत्रावर पाटी लावता येते. परिचारिकेच्या पगारावर पाटी लावता येत नाही. पगार वाढवले तर रुग्णाचे बिल वाढेल, असे रुग्णालयाचे विश्वस्त म्हणतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पैसा कोठून तरी यावा लागतो. मग तो आपल्यासारख्यांकडून का येऊ नये?

सुवर्णमहोत्सवी निधीतून सोनोग्राफीचे यंत्र देण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. माझी नम्र विनंती अशी की, त्यातील निम्मी रक्कम बाजूला काढावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी काही मुलींचे नर्सिंगचे संपूर्ण शिक्षण करावे. जात, धर्म न पाहता. मात्र महाविद्यालय मान्यताप्राप्त आहे की नाही आणि त्याला स्वतःचे रुग्णालय आहे की नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहून. आणि यापुढे कोणत्याही रुग्णालयाला धनादेश देण्यापूर्वी आपण चार गोष्टी विचाराव्यात. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? पगार किती आणि तो बँकेत जमा होतो काय? कोणाची मूळ प्रमाणपत्रे कार्यालयात अडकवून ठेवली आहेत काय? कपडे बदलायला खोली आणि रात्री घरी सोडायला वाहन आहे काय? देणाऱ्याने विचारले तर उत्तर मिळते, असा माझा व्यवहारातील अनुभव आहे.

पहिल्या दोन विद्यार्थिनींच्या तिन्ही वर्षांच्या शुल्काची जबाबदारी मी आजच स्वीकारतो. ट्रस्टमार्फत शिकणाऱ्या सर्व मुलींच्या गणवेशाचे कापड माझ्या दुकानातून जाईल. त्याचे बिल येणार नाही आणि कापड पहिल्या वर्षीच्या प्रतीचे असेल.

जय जिनेंद्र.