श्वासाचा पहारेकरी



उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींवर मुलांच्या बुडी मारण्याच्या पैजा लागतात. बुडीपूर्वी दहावीस वेळा जोरजोराने श्वास घेतला म्हणजे पाण्याखाली अधिक वेळ राहता येते, असा मुलांचा अनुभव असतो. अनुभव खरा आहे. परंतु त्याचे कारण मुलांना वाटते ते नव्हे, आणि त्यातच जिवाला धोका आहे.

प्राणवायू कमी पडला म्हणजे श्वासाची ओढ लागते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, रक्तात वाढल्यामुळे लागते. फुप्फुसांच्या खोल भागातील हवेत या वायूचे प्रमाण अवघे ०.२ टक्क्यांच्या आसपास वाढले, तरी विश्रांतीच्या वेळचे श्वसन सुमारे दुप्पट होते, असे हॉल्डेन व प्रिस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ साली दाखवून दिले.

मेंदूच्या रक्तवाहिन्याही याच वायूच्या आज्ञेत असतात. तो वाढला की त्या रुंदावतात, घटला की आकुंचन पावतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के; पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. म्हणूनच रक्तपुरवठा घटताच घेरी येते. एकामागून एक फुगे फुगविणाऱ्या मुलाला गरगरते, ते याच कारणाने.

आता बुडीचा विचार करावा. जोराच्या श्वासांनी रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच त्याने जवळजवळ भरलेले असते. कर्बवायू मात्र बाहेर टाकला जातो. पहारेकरीच झोपी गेल्यावर हाक कोण मारणार? पाण्याखाली प्राणवायू संपत येतो, तरी श्वासाची ओढ लागत नाही. मूल पूर्वसूचनेशिवाय बेशुद्ध होते आणि बुडते. उत्तम पोहणाराही यातून सुटत नाही.

वर्गात हे समजावून देणे कठीण नाही. मुलांनी बसल्या जागी, आधी जोराने श्वास न घेता, श्वास रोखावा आणि ओढ लागताच सोडावा; पैज लावू नये. ही ओढ लागते तेव्हा शरीरात प्राणवायू पुरेसा शिल्लक असतो, हे शिक्षकांनी सांगावे. ती ओढ म्हणजे वेळेवर मिळालेला इशारा होय.

सुट्टीपूर्वी प्रत्येक शाळेत तीन नियम फळ्यावर लिहिले जावेत : बुडीपूर्वी जोराने श्वास घेऊ नये, श्वास रोखण्याची पैज लावू नये, पोहणारा जाणता माणूस काठावर असल्याखेरीज पाण्यात उतरू नये.