दगडातले फळ, दगडातले लाकूड
(संकठा घाट येथे गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी डिप्लोमा झालेला इंजिनियर. माझा संबंध रूळ, स्लीपर आणि खडीशी. महाराष्ट्रात रुळांखाली जी काळी खडी दिसते तो बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्याचे थर एकावर एक पसरले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचत, झाडे वाढत. गाळात पडलेल्या फळांच्या, फुलांच्या, लाकडांच्या पेशींत पाण्यातली सिलिका शिरली आणि त्यांचा दगड झाला. वरून पुढचा लाव्हा आला. या मधल्या थरांना ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात.

इथे शेजारीच भोसले घाट आहे. त्या नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या मुलखात, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मोहगावकलान हे गाव आहे. अशा जीवाश्मांसाठी ते जगभर माहीत आहे.

दगडातले झाड ओळखतात कसे? दगड कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, आम्लाने किंचित खायला लावायचा आणि त्यावर पातळ पापुद्रा बसवून तो सोलून घ्यायचा. पापुद्र्यावर पेशी उमटतात; त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. लाकडात पाणी वाहणाऱ्या नळ्या, किरण आणि वाढीची वलये पाहतात. वलयांऐवजी विखुरलेले ठिपके दिसले तर ते ताडाच्या जातीचे. फळात कप्पे किती, बी कुठे चिकटले आहे, फळ कसे उकलते, हे पाहतात.

1933 साली के. पी. रोडे यांनी मोहगावच्या एका फळाचे वर्णन केले. ते निघाले निपा ताडाचे. पुढे डॉ. श्यामला चितळे यांनी या फळाच्या अंतर्रचनेचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी नागपूरच्या विज्ञान संस्थेत या शास्त्राचा पाया घातला आणि नंतर अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या संग्रहालयात त्याचा विभाग उभारला. निपा आज कुठे वाढतो? हीच आपली गंगा जिथे समुद्राला मिळते, त्या सुंदरबनच्या चिखलात. म्हणजे मोहगावपर्यंत तेव्हा खारे पाणी पोहोचत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र समुद्राचा फाटा नेमका कोणत्या बाजूने आत आला, यावर एकमत नाही.

दुसरी गोष्ट प्रा. बिरबल साहनींची. 1919 साली परदेशातून परतल्यावर ते प्रथम आपल्या काशी हिंदू विद्यापीठातच प्राध्यापक होते. 1943 मध्ये त्यांनी मोहगावच्या एका कोड्यात टाकणाऱ्या फळाला ‘एनिग्मोकार्पॉन’ असे नाव दिले आणि ते मेंदी-ताम्हणाच्या कुळाजवळ ठेवले. पुढच्याच वर्षी व्ही. बी. शुक्ल यांनी तिथलेच एक फूल ‘सहनिअँथस’ या नावाने नोंदले आणि त्याचे या फळाशी नाते दाखवले.

एकाच झाडाची दोन नावे का? कारण जीवाश्म तुकड्यातुकड्यांनी मिळतो. फळाला एक नाव, फुलाला दुसरे, लाकडाला तिसरे. पुरावा मिळाल्याशिवाय ती नावे एकत्र करायची नाहीत, हा या शास्त्राचा दंडक आहे. रचना जुळली पाहिजे, आणि जागा व थरही जुळला पाहिजे.

तुटलेला रूळ हलवण्यापूर्वी आपण किलोमीटर आणि डावा-उजवा लिहून घेतो. ती नोंद नसेल तर तो तुकडा भंगार. जीवाश्माचेही तेच. शोभेसाठी कोणी दगडाचे फळ घरी आणले की ते कपाटात सुंदर दिसते, पण फुलाशी त्याचे असलेले नाते कायमचे तुटते. खाणीत, रस्त्याच्या कामात, शेत सपाट करताना असे तुकडे रोज फुटतात, आणि फुटलेले पुन्हा तयार होत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक विदर्भात आणि छिंदवाड्याकडे आहेत. आपण स्वतः माती-खडीच्या कामांवर असतो. असे काही दिसले तर उचलू नका. फोटो घ्या, जागा लिहा, आणि नागपूरच्या विज्ञान संस्थेला किंवा साहनींनी स्थापलेल्या लखनौच्या संस्थेला कळवा. ओळखण्याचे काम विद्वान करतील. दगड जागेवर राहू देणे आपल्या हातात आहे.