चेटकिणीला तोंड कुणाचं?

 

आम्ही पैठण तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका. आजवर रेडिओवर आमचं बोलणं तुम्ही ऐकलंय ते कर्जाच्या हप्त्यांबद्दल, शेळ्यांच्या लसीबद्दल, नाहीतर पापडाच्या पॅकिंगबद्दल. आज विषय वेगळा आहे. आज आम्ही राक्षस, पऱ्या, चेटकिणी आणि जादूच्या विहिरींबद्दल बोलणार आहोत. हसू नका. याच विषयापायी आमच्या गटातली एक सदस्या तुटता तुटता राहिली.

झालं असं. दिवाळीला लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी आमच्या गटानं एक नवी गोष्ट लिहून द्यायची ठरली. शिवणकाम करणाऱ्या आमच्या ताईनं ते मनावर घेतलं. ती नववीपर्यंत शिकलेली, पण दोन रात्रींत तिनं वहीची बारा पानं भरली. गावाबाहेर एक विहीर आहे. वाकून हाक मारली की ही विहीर आवाज परत देत नाही, गिळून टाकते. गावातली पोरं एकेक करून मुकी व्हायला लागतात. कारण विहिरीपाशी एक चेटकीण राहते आणि ती पोरांचे आवाज बाटल्यांत भरून ठेवते. चेटकीण दिसते कशी? तोंडावर आणि हातांवर पांढरे डाग.

बैठकीत बचत गोळा झाली, वही लिहून झाली, मग गोष्ट वाचली गेली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या एकीला कोड आहे. तिनं पदर हातावर ओढून घेतला आणि ती गप्प बसली. आम्हाला ते तेव्हा दिसलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, बचतीचे पैसे शेजारणीच्या हाती पाठवले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. आठ वर्षांत एक बैठक न चुकवलेली बाई ही.

आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. गोष्ट लिहिणारी सोबत होतीच. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग ती म्हणाली, “गोष्ट चांगली हाय. पण चेटकिणीला माझं तोंड कशापायी दिलं?”

लिहिणारी रडकुंडीला आली. “अक्का, देवाशपथ, तुझा विचारसुद्धा मनात नव्हता.”

“तेच म्हणते मी. आठ वर्षं शेजारी बसते, अन् लिहिताना माझा विचारसुद्धा आला नाही.”

यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. परत येताना वाटेत आम्ही ठरवलं, की यापुढे कुठलीही गोष्ट गटाबाहेर जाण्याआधी आपण ती बसून तपासायची.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? परीकथाच ती, तिला कुठं खरं-खोटं असतं? पण मैत्रिणींनो, चेटकीण आपल्याकडे फक्त गोष्टीत राहत नाही. बाईवर करणीचा आळ घेऊन तिला मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आपल्या महाराष्ट्रात घडल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षं झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, 2013 साली झाला. कुणावर करणी केल्याचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आता सांगा, चेटकीण कशी दिसते हे पोरांच्या मनात पहिल्यांदा कुठं बसतं? आपणच रात्री सांगतो त्या गोष्टीत. म्हातारी, विधवा, काळी, एका डोळ्यानं अधू, नाहीतर अंगावर डाग असलेली. आणि सकाळी तशीच बाई गल्लीत दिसते.

कोडाबद्दलही इथंच सांगून टाकतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या की पांढरे डाग पडतात. कोड म्हणजे कुष्ठरोग नाही. ते शिवल्यानं, सोबत जेवल्यानं, एका रांजणातलं पाणी प्यायल्यानं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोष्टी तपासणं हे शहरातल्या लेखकांचं काम, आपलं काय त्यात? तर आमच्या पैठणचीच एक कथा ऐका. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. कथा अशी सांगतात, की त्या राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एका पैजेत हरला म्हणून त्याला संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडाव्या लागल्या. तो मुका होऊन रानात गेला. तिथं त्याला एक पिशाच भेटलं. त्या पिशाचानं त्याला राजांच्या आणि विद्याधरांच्या अद्भुत गोष्टी सांगितल्या. गुणाढ्यानं त्या पिशाचांच्याच भाषेत, पैशाचीत लिहिल्या. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिल्या. सात वर्षांत सात लाख श्लोक झाले. त्यानं ते राजाकडे पाठवले. राजानं गोष्टी ऐकल्याच नाहीत. भाषा पिशाचांची आणि अक्षरं रक्ताची, एवढं पाहूनच त्यानं त्या परत पाठवल्या.

गुणाढ्यानं डोंगरावर जाळ केला. एकेक पान वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली हरणं, डुकरं, रेडे भोवती येऊन बसले. चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडे राजाच्या ताटात वाळलेलं मांस यायला लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली आणि राजा धावत रानात आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले. तीच बृहत्कथा. मूळ ग्रंथ आज मिळत नाही, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्यावरून ‘कथासरित्सागर’ रचला, आणि त्यातच ही गुणाढ्याची कथा आहे.

ही कथा आम्ही गटात सांगितली तेव्हा आमच्या तांड्यावरच्या मावशी म्हणाल्या, “म्हणजे पिशाचाची भाषा कुणाची तरी असंलच की. रानात राहणाऱ्या माणसांची.” ती भाषा बोलणारे कोण होते यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण आमच्या मनात मात्र तो प्रश्न राहिला: आपण ज्याला भूत म्हणतो, ते कुणाच्या दारातलं माणूस आहे?

याच पैठणचे संत एकनाथ. सोळाव्या शतकात, जन्मानं ब्राह्मण असून त्यांनी भारुडांत महार, गोंधळी, मुका, बहिरा, आंधळा अशांना बोलायला लावलं. म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून बोलणं आपल्याकडे नवं नाही. मात्र ज्यांच्याबद्दल इतर लोक लिहीत होते, ते स्वतः लिहायला लागल्यावर काय झालं, हेही आपल्या जिल्ह्यानं पाहिलं. छत्रपती संभाजीनगरला डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. लिहिणारे आणि वाचणारे समोरासमोर बसत. आमचा गट त्यापुढे फार लहान. पण समोरासमोर बसायची रीत आम्ही तीच धरली.

आता गट कसा सुरू केला ते सांगतो. आम्ही आठजणी आहोत. महिन्यातून एकदा, बैठक संपल्यावर एक तास. त्याला खर्च काही नाही, एक वही लागते. बचत गटाची जशी पंचसूत्री असते, तशी आम्ही गोष्टीचीही केली.

पहिलं सूत्र. गोष्ट मोठ्यानं वाचायची, आणि लिहिणारीनं नाही, दुसरीनं वाचायची. म्हणजे कागदावर जे आहे तेच ऐकू येतं. ज्यांना लिहिता येत नाही त्या तोंडी सांगतात, आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करतो.

दुसरं. लिहिणारीनं तोवर गप्प बसायचं. प्रत्येकीनं आधी काय आवडलं, काय डोळ्यांसमोर आलं ते सांगायचं. चुका मागून.

तिसरं. पात्रांची हजेरी घ्यायची. कुणाला नाव आहे आणि कुणाला नुसतं ‘लंगडा’, ‘काळी’, ‘लमाणीण’ म्हटलंय? प्रत्येकाला काय हवंय? गोष्टीत कोण कुणाला हसतं? आणि आपल्या गावात असून गोष्टीच्या गावात नाही, असं कोण आहे?

चौथं. ज्यांच्यासारखं पात्र आहे त्यांना विचारायचं, पण त्यांना साक्षीदार करायचं नाही. एका बाईनं आख्ख्या समाजाच्या वतीनं बोलावं, हा भार तिच्यावर टाकायचा नाही. तिला गप्प राहायचं असेल तर तोही तिचा हक्क. आणि इथं कुणी घरचं दुःख बोललं तर ते बाहेर जाणार नाही.

पाचवं. शेवटचा शब्द लिहिणारीचा. आम्ही सांगणार, बदलायचं की नाही ते तिनं ठरवायचं.

यातून काय निघालं? एका गोष्टीत उडत्या घोड्यावरून येणारी तांड्यावरची मुलगी होती. तिच्या अंगावर घागरा-चोळी होती. मावशी म्हणाल्या, “आमची फेटिया अन् कांचळी असते. अन् घोडा उडतो तर उडू द्या, पण पोरगी आईशी गोरबोलीत बोलंल.” दुसऱ्या गोष्टीत जादूगाराची मुसलमान बायको होती. ती जिथं जाईल तिथं अत्तर आणि बिर्याणी. आमची मुस्लिम सदस्या खूप हसली. “अगं, आमच्या घरी पण रोज पिठलं-भाकरीच असते. तिला जरा भाकरी थापू दे.” बाई भाकरी थापायला बसली आणि पहिल्यांदाच ती गावातली वाटली.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. एकजण चिडून म्हणाली, “ही गोष्ट हाय का पंचनामा? राक्षस चांगला, चेटकीण चांगली, मग पोरं भिणार कुणाला?” तिचं म्हणणं आम्ही वहीत लिहून ठेवलं, कारण ते खोटं नाही. वाईट माणूस नसेल तर गोष्ट चालत नाही. त्यावर दोन बैठका वाद झाला. शेवटी ठरलं, की राक्षस राहू द्यायचा, पण तो वाईट का ते त्याच्या करणीतून दिसलं पाहिजे, कातडीतून नाही. लोकांचं धान्य लुटतो म्हणून राक्षस. दिसायला तो सरपंचासारखा स्वच्छ कपड्यांतला असला तरी चालेल. यावर सगळ्याच हसल्या, चिडलेलीही.

आता विहिरीच्या गोष्टीचं सांगतो. लिहिणारीनं दुसऱ्यांदा लिहिली तेव्हा पस्तावून चेटकिणीची देवी केली. पांढरे डाग चांदण्यासारखे चमकतात, हात लावला की आजार बरे होतात. आम्हाला वाटलं, आता झालं. ती घेऊन आम्ही अक्काकडे गेलो. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “आधी चेटकीण, आता देवी. मधली बाई कुठं गेली?”

मग तिनंच एक गोष्ट सांगितली. दुकानात गेलं की उरलेले सुटे पैसे तिच्या हातावर देत नाहीत, फळीवर ठेवतात. बाकी सगळ्यांच्या हातावर देतात. “हे लिव्ह,” म्हणाली.

तिसऱ्या वेळी विहिरीपाशी गिरजा नावाची बाई राहायला आली. ती दोर वळून विकते. हिशोबाला पक्की, बोलायला फटकळ, खिशात नेहमी लिमलेटच्या गोळ्या. तिच्या दोराचे पैसे लोक विहिरीच्या कठड्यावर ठेवून जातात. अंगावर डाग आहेत, एका वाक्यात आहेत, मग गोष्ट पुढं जाते. पोरांचे आवाज विहीरच गिळते, आणि खाली उतरायचं तर गिरजाचाच दोर लागतो. गिरजा आधी चक्क नाही म्हणते. का द्यावा तिनं दोर? ती कशानं तयार होते ते आम्ही इथं सांगत नाही, तुमच्या पोरांना ऐकू द्या. पण शेवटी गावाला तिच्या हातात हात द्यावा लागतो, एवढं खरं.

अक्का लगेच परत आली नाही. पोळा झाला, गणपती झाले. मग एका बैठकीला आली, नेहमीच्या जागी बसली, वहीवर अंगठा नाही, सही केली. गोष्ट रेडिओवर झाली तेव्हा गिरजाचं बोलणं तिनंच बोललं. आता गल्लीतली पोरं तिला विचारतात, “विहिरीवाली तूच का गं?” ती म्हणते, “व्हय. हाक मारून बघ.”

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटातही गोष्टी सांगणाऱ्या बायका आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कोपीत सांगतात, बाकीच्या ओट्यावर सांगतात. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की एक तास काढा. एक गोष्ट वाचा किंवा सांगा, आणि एवढंच विचारा: यातल्या वाईट माणसाला आपण तोंड कुणाचं दिलं? ज्यांचं दिलं त्या शेजारीच बसलेल्या असतील, तर आधी त्यांच्याकडे बघा.