क्रूक्सची खोली



जॉन स्टाइनबेक यांची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही कादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी ज्यांनी ती वाचली असेल त्यांना जॉर्ज आणि लेनी या दोन भटक्या मजुरांची मैत्री आठवत असेल, आणि शेवटचा तो बंदुकीचा बार तर कोणीच विसरणार नाही. आम्हांला मात्र आज त्या मुख्य रस्त्याने जावयाचे नाही. त्याच मळ्यावर क्रूक्स नावाचा एक कृष्णवर्णीय मोतद्दार आहे. कादंबरीच्या सहा प्रकरणांपैकी एकच काय ते त्याच्या वाट्याला आले आहे. त्याच्याविषयी बोलावे असे मनात आहे.

कथा घडते ती कॅलिफोर्नियातील सोलेदाद गावाजवळ. स्पॅनिश भाषेत सोलेदाद म्हणजे एकटेपण. हे नाव लेखकाने रचलेले नव्हे; तेथे १७९१ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती मठापासून ते चालत आले आहे. स्टाइनबेक १९०२ साली जवळच्याच सलीनास गावी जन्मले आणि तरुणपणी त्यांनी त्या भागातल्या मळ्यांवर मजुरीही केली. तेव्हा हे वातावरण त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. मळ्यावर सारेच एकाकी आहेत. एका हाताने थोटा झालेला म्हातारा कँडी आहे, मालकाच्या पोराची बोलायला माणूस शोधत फिरणारी बायको आहे, आज इथे तर उद्या तिथे हिंडणारे गडी आहेत. म्हणून पुष्कळ टीकाकार म्हणतात की, ही कादंबरी मानवमात्राच्या एकाकीपणाची आहे. आम्हांला हे अर्धेच पटते. इतरांचे एकाकीपण परिस्थितीने आलेले आहे, क्रूक्सचे एकाकीपण नेमून दिलेले आहे.

बाकीचे गडी एका मोठ्या खोलीत ओळीने झोपतात. क्रूक्सचे अंथरूण पागेला लागून असलेल्या, घोड्यांचे साज ठेवण्याच्या खोपटात, खिडकीखाली उकिरडा. रात्री गड्यांचा पत्त्यांचा डाव रंगतो, त्यात त्याला जागा नाही, कारण त्याच्या अंगाला वास येतो म्हणे. पण संध्याकाळी अंगणात घोड्यांचे नाल फेकण्याचा खेळ चालतो, तेथे तो चालतो. किंबहुना त्या खेळात तो पटाईत आहे. म्हणजे उघड्यावर चालतो, छपराखाली चालत नाही. खेचराच्या पायासाठी डांबर गरम झाले हे स्लिमला सांगावयाचे, तर दारातून फक्त डोके आत घालून ‘मिस्टर स्लिम’ म्हणावयाचे. हा हिशेब मराठी श्रोत्यांना कोणी उलगडून सांगावा असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, तो हे नाते ओळखूनच.

आता त्या खोलीत डोकावू. औषधाच्या बाटल्या आहेत, काही घोड्यांच्या, काही त्याच्या स्वतःच्या. घोड्याच्या लाथेने त्याची पाठ कायमची वाकलेली आहे आणि ‘क्रूक्स’ हे नावही त्या वाकडेपणावरूनच पडले आहे. चश्मा आहे, एकनळी बंदूक आहे, फाटका शब्दकोश आहे. आणि हाताळून हाताळून जीर्ण झालेले आणखी एक पुस्तक आहे: कॅलिफोर्नियाचा १९०५ सालचा दिवाणी कायदा.

या पुस्तकापाशी वाचकाने थांबावे असे आम्हांला वाटते. क्रूक्स त्यात काय वाचत असे हे लेखक सांगत नाही. पण त्या सालच्या कायद्यात काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. खाणावळी, उतारशाळा, नाटकगृहे अशा ठिकाणी सर्व नागरिकांना सारखी वागणूक मिळावी, असे त्यात लिहिलेले होते. आणि गोऱ्या माणसाचा कृष्णवर्णीयाशी झालेला विवाह अवैध होय, असेही त्याच कायद्यात लिहिलेले होते. हे दुसरे कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले ते १९४८ साली, कादंबरीनंतर अकरा वर्षांनी. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले, असे ते पुस्तक. शिवाय मजुरांची निजायची खोली ही काही उतारशाळा नव्हे; तेथवर त्या समतेचा हात पोहोचत नव्हता.

मग या कायद्याच्या वाचकाने केले काय? त्याने बंदी उलटी फिरविली. तुमच्या खोलीत मला हक्क नाही, तर माझ्या खोलीत तुम्हांला नाही! शनिवारी रात्री गडी गावात गेले असता भोळा लेनी दारात येतो, तेव्हा क्रूक्स प्रथम हेच बजावतो. नाकारले गेल्याचे त्याने हक्कात रूपांतर केले; त्याच्यापाशी मालकीची म्हणावी अशी तेवढीच वस्तू होती. कँडी कित्येक वर्षे त्याच मळ्यावर राहिलेला, पण त्या खोलीत त्या रात्री प्रथमच पाऊल टाकतो. तिघांत गोष्टी निघतात. क्रूक्सला बापाचा कोंबड्यांचा मळा आठवतो, भाऊ आठवतात. गोऱ्यांची पोरे खेळायला येत ते बापाला का आवडत नसे, हे पुढे कळल्याचेही तो सांगतो. जॉर्ज परत आलाच नाही तर, असे विचारून तो लेनीला छळतो, तेही आम्हांला त्याच्या स्वभावाचे दुष्टपण वाटत नाही. आपले दुःख कसे असते ते एकदा तरी दुसऱ्याच्या तोंडावर उमटलेले पाहावे, अशी ती तहान आहे. शेवटी तो हळूच विचारतो, तुमच्या त्या नियोजित जमिनीवर मला घ्याल का? मजुरी नको, पोटाला घाला.

इतक्यात मालकाची सून दारात येते. क्रूक्स आपला हक्क तिलाही सांगू पाहतो. ती त्याला आठवण देते की, तिने एक शब्द उच्चारला तर लोक त्याला झाडाला टांगतील. ही बाईसुद्धा एकाकीच, लेखकाने तिला नावदेखील दिलेले नाही. परंतु तिच्या एकाकीपणाच्या हातात काठी आहे. क्रूक्स भिंतीशी आक्रसतो, ‘होय बाईसाहेब’ म्हणतो आणि नंतर कँडीला सांगून टाकतो की, ते जमिनीचे बोलणे थट्टेचे होते. मग दिवा आहे, औषधाची बाटली आहे, आणि स्वतःच्याच हाताने पाठीला चोळणे आहे.

पुढच्या प्रकरणात लेनीचा पाठलाग करावयाचा ठरतो, तेव्हा कर्ली एका गड्याला मोतद्दाराची बंदूक घे म्हणून हुकूम सोडतो. ती त्या खोलीतच असते. क्रूक्सला विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही.