रीत, न्याय आणि रखमाबाईंचा खटला

परक्या समाजातल्या एखाद्या प्रथेची चर्चा निघाली की कोणीतरी म्हणतेच, ‘ज्याची त्याची संस्कृती, आपण कोण बोलणार?’ हे बोलणे समजूतदारपणाचे वाटते आणि त्यामागचा हेतूही बहुधा चांगला असतो. पण त्यात दोन निरनिराळी विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. समाजासमाजांच्या नीतिकल्पना वेगळ्या असतात, हे पहिले विधान. ते निरीक्षण आहे आणि खरेही आहे. म्हणून कोणी कोणाच्या रीतीला चूक म्हणू नये, हे दुसरे. तो उपदेश आहे, आणि पहिल्यातून तो निघत नाही. ग्रहणाबद्दल माणसांच्या समजुती वेगवेगळ्या होत्या, तेवढ्यावरून त्या सगळ्याच खऱ्या ठरल्या नाहीत. शिवाय हा उपदेश स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. ‘परक्यांच्या रीतीत ढवळाढवळ करू नका’ हा नियम तो सगळ्याच समाजांना घालून देतो. म्हणजे सर्वांना लागू पडेल असा नैतिक नियम नसतोच, असे म्हणता म्हणता तो एक तसाच नियम सांगून बसतो. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 1972 साली ही विसंगती नेमकी दाखवून दिली होती.

तर्काची ही चूक लक्षात आली, तरी दुसरी एक चूक शिल्लक राहते, आणि माझ्या मते ती अधिक घातक आहे. ‘आमची संस्कृती असे सांगते’ हे वाक्य आपण तपासून न पाहताच मान्य करतो. मुंबईतला रखमाबाईंचा खटला या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या, आणि मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. 1884 साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. ‘केसरी’सारख्या वजनदार पत्राने दादाजींची बाजू घेतली, सनातनी मंडळींना तर हा हिंदू धर्मावरचाच घाला वाटला. आता पुरावा पाहू. पत्नीने नांदायला यावे असा कोर्टाचा हुकूम मिळवायचा आणि तो मोडला तर तिला तुरुंगात धाडायचे, हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी 1885 मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवून दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. खुद्द इंग्लंडमध्ये अशा नकारासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद 1884 मध्येच रद्द झाली होती. म्हणजे आपली परंपरा म्हणून लोक ज्याच्यासाठी इतक्या तळमळीने भांडत होते, तो मुळात इंग्रजी कायदा होता, आणि त्यातली कैदेची शिक्षा तर इंग्लंडनेच टाकून दिली होती!

हेही जाऊ द्या, आणि वादापुरते धरून चालू की ती खरोखरच इथली रीत होती. तरी ‘इथली’ म्हणजे कोणाची? रखमाबाई सुतार जातीच्या. त्यांच्या विधवा आईचे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न झाले होते आणि जातीच्या रीतीत ते बसतही होते. त्याच काळात ब्राह्मण घरांत विधवेच्या पुनर्विवाहावरून बहिष्कार पडत होते. एका शहरात, एका धर्मात इतके अंतर असताना ‘हिंदूंची रीत’ म्हणून जी सांगितली जात होती, ती मूठभरांची होती. प्रत्येक समाजात वाद चालू असतो, आणि ‘त्यांची संस्कृती’ म्हणून जो आवाज बाहेर ऐकू येतो तो बहुधा तिथल्या वरचढ माणसांचा असतो. त्यामुळे ‘आपण कोण बोलणार’ म्हणणारा मनुष्य तटस्थ राहतो असे नाही. नकळत तो एक बाजू घेतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. दुसऱ्यांना रानटी ठरवूनच साम्राज्ये उभी राहिली. तेव्हा परक्याने न्यायनिवाडा करणे धोक्याचेच. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने आहे. पण साम्राज्याने अन्याय केला, ही तक्रार तरी कशाच्या आधारावर करायची? जेत्यांच्या संस्कृतीत दुसऱ्यांवर राज्य करणे योग्यच मानले जात होते. दोन्ही संस्कृतींच्या पलीकडे टिकणारे काही कारण मानल्याशिवाय त्या अन्यायाला अन्याय म्हणता येत नाही. आक्षेपातून निघते ते एवढेच, की निवाडा करताना माहिती पुरेशी हवी, आणि ज्यांना ती रीत सोसावी लागते त्यांचे म्हणणे आधी ऐकायला हवे. बालविवाहाविरुद्ध लिहिणारे समाजसुधारक बेहरामजी मलबारी पारशी होते, म्हणून त्यांनी या विषयावर बोलू नये, असे तेव्हा म्हटले गेले. बोलणारा कोण आहे यावरून त्याचे म्हणणे खरे की खोटे हे ठरत नाही. आणि रखमाबाई तर परक्या नव्हत्या! ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने त्यांनी वर्तमानपत्रात पत्रे लिहून आपले दुःख मांडले होते.

1888 मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट इथे वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. नांदायला आणण्याचा तो दावा इंग्लंडने 1970 च्या कायद्याने रद्द केला. आपल्याकडे तो 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आला. आंध्र प्रदेश हायकोर्टाने 1983 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवून कायम ठेवले.